पाकीट सीलबंद, नोंदवही उघडी

रिमोट डेस्कटॉपवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, कंपनीनं सुरक्षेबद्दल काय सांगितलंय? उत्तर ठरलेलं असतं: सगळं एन्क्रिप्टेड आहे. इंडक्शनच्या पीपीटीत कुलपाचं चित्र असतं, व्हीपीएन जोडलं की कोपऱ्यात हिरवा ठिपका येतो, आणि दरवर्षीच्या ट्रेनिंगमध्ये ‘रेल्वे स्टेशनच्या फुकट वायफायवर काम करावं का?’ छापाचे दोन प्रश्न हमखास असतात. हे सगळं खरं आहे. तुमच्या घरापासून सर्व्हरपर्यंतच्या रस्त्यात तुमचा डेटा वाचणं आज खरोखर अवघड झालंय. रस्ता संपतो तिथं काय होतं, हे मात्र त्या पीपीटीत नसतं. तिथं एक नोंदवही असते. तुम्ही कधी बसलात, कधी उठलात, कुठली खिडकी किती मिनिटं उघडी होती, हे तिच्यात लिहिलं जातं. ती कोण वाचतं आणि किती वर्षं ठेवतं, याबद्दल कर्मचाऱ्याला सहसा एक ओळही सांगितली जात नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. पॅकेट बंद करताना आम्ही इंजिनिअर मंडळी जी शिस्त पाळतो, तीच शिस्त लॉगला लावता येते. त्यासाठी लागणारं तंत्र जुनं आणि फुकट आहे. तरी ती लावली जात नाही, कारण पॅकेट परक्यापासून वाचवायचं असतं आणि लॉग आपल्याच माणसावर वापरायचा असतो.

आपल्या भागापुरतं बोलायचं तर याची सुरुवात मार्च २०२० ची. तोपर्यंत ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या आयटीवाल्याचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालायचा. डोंबिवलीहून ठाणे, तिथून ट्रान्सहार्बरनं ऐरोली किंवा रबाळे, नाहीतर घोडबंदर रोडचा ट्रॅफिक. बीपीओ आणि कॉल सेंटरांना तर घरून काम द्यायचं म्हटलं की दूरसंचार विभागाच्या अटी आड यायच्या. १३ मार्च २०२० रोजी विभागानं त्या तात्पुरत्या सैल केल्या, दहा दिवसांच्या आत लोकल बंद झाली, आणि ५ नोव्हेंबर २०२० च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी ती सवलत कायमसारखीच करून टाकली. घाईघाईत जे उभं राहिलं ते अजून चालू आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस ऑफिस सुरू झालं असेल, पण घरातली ती मांडणी गेली नाही.

मांडणी अशी. लॅपटॉप तुमच्या मांडीवर, पण ज्या विंडोजमध्ये तुम्ही काम करता तो कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये. ऐरोली ते महापे या पट्ट्यात डेटा सेंटरं ओळीनं उभी आहेत. त्यामुळं डोंबिवलीतला मुलगा ज्या मशीनवर ‘रिमोटली’ काम करतो, ती त्याच्या जुन्या ऑफिसपासून शेअर रिक्षाच्या अंतरावर असू शकते. त्याला दिसतं ते त्या मशीनच्या पडद्याचं चित्र. तो पाठवतो त्या कीबोर्डच्या की आणि माउसच्या हालचाली. वेबसाइटवर आपण फॉर्म पूर्ण भरतो आणि मग एकदम पाठवतो. रिमोट डेस्कटॉपवर दाबलेली प्रत्येक की तिथल्या तिथे निघते. हा फरक लक्षात ठेवा, पुढं लागेल.

आधी पॅकेटचं कौतुक करू, कारण ते करण्यासारखंच आहे. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या आरडीपीमध्ये एन्क्रिप्शनच्या पातळ्या असायच्या, आणि त्यातली ‘लो’ नावाची पातळी फक्त तुमच्याकडून सर्व्हरकडे जाणारा डेटा बंद करायची. सर्व्हरकडून येणारं पडद्याचं चित्र उघडंच यायचं. म्हणजे तुम्ही काय टाइप केलं ते झाकलेलं, आणि टाइप केलेलं पडद्यावर उमटलं की उघडं! आज हे असं चालत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये टीएलएस १.३ हे मानक आलं. मार्च २०२० मध्ये, नेमकं आपण घरी कोंडलो तेव्हा, वायरगार्ड हा व्हीपीएन लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्ये दाखल झाला.

वायरगार्डचं पॅकेट मला आवडतं, त्याच्या कंजूषपणासाठी. डेटाच्या पॅकेटवर त्याचं स्वतःचं उघडं शीर्ष फक्त १६ बाइटचं. एक बाइट प्रकार सांगायला, तीन राखीव, चार घेणाऱ्याच्या खुणेसाठी, आठ मोजणीच्या आकड्यासाठी. पोहोचवायला जेवढं लागतं तेवढंच उघडं, बाकी सगळं आत. आतला मजकूरही १६ च्या पटीत भरून घेतला जातो, म्हणजे लांबीवरून फार अंदाज येऊ नये. आणि किल्ली? कनेक्शन चालू असताना दर दोन मिनिटांनी ती बदलायला घेतात. १८० सेकंदांपेक्षा जुनी किल्ली चालतच नाही. याला फॉरवर्ड सिक्रसी म्हणतात. आज कुणी तुमची कायमची किल्ली चोरली तरी कालचं संभाषण त्याला उघडता येत नाही, कारण कालच्या किल्ल्या पुसून टाकलेल्या असतात. मागचं विसरणं हा या रचनेचा गाभा आहे.

ही गोष्ट सगळ्यांना आवडली नव्हती. टीएलएस १.३ चं मानक लिहिलं जात होतं तेव्हा, २०१६ साली, अमेरिकेतल्या वित्तसंस्थांच्या वतीनं एक विनंती आली होती. जुनी पद्धत राहू द्या, आम्हाला आमच्याच नेटवर्कमधली वाहतूक उघडून तपासावी लागते, असा तिचा आशय. मानक लिहिणाऱ्यांनी ऐकलं नाही. मग २०१८ मध्ये एत्सी या युरोपातल्या मानकसंस्थेनं, किल्ली बराच काळ तीच ठेवता येईल असा वेगळा अवतार प्रसिद्ध केला आणि त्यावर भरपूर टीका ओढवून घेतली. सांगायचा मुद्दा एवढाच की आतल्या माणसांवर लक्ष ठेवायची हौस एन्क्रिप्शनच्या मुळापर्यंत येऊन धडकली होती, आणि तिथं तिला दार उघडलं गेलं नाही. मग ती दुसऱ्या दारानं आली.

आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. २००१ साली बर्कलेच्या तीन संशोधकांनी दाखवून दिलं की एसएसएचमध्ये प्रत्येक की वेगळ्या पॅकेटमध्ये जात असेल, तर पॅकेट न उघडताही दोन पॅकेटांमधल्या वेळेवरून पासवर्डबद्दल माहिती फुटते. बोटांची लय हीसुद्धा माहिती असते. हे दुखणं इतकं गंभीर धरलं गेलं की ओपनएसएसएचनं ऑक्टोबर २०२३ च्या ९.५ आवृत्तीत की दाबण्याच्या वेळा लपवायची सोयच केली. ठरावीक अंतरानं पॅकेट पाठवायची, मधून मधून खोट्या की सोडायच्या. म्हणजे आमच्या क्षेत्राचं अधिकृत मत असं, की माणूस कीबोर्डवर कधी थांबतो आणि कधी सुरू होतो ही गोपनीय गोष्ट आहे आणि ती परक्याला कळू देऊ नये.

आणि नेमकी हीच गोष्ट, कीबोर्ड कधी थांबला आणि कधी सुरू झाला, रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला ‘आयडल टाइम’ नावाच्या कॉलममध्ये साध्या अक्षरांत लिहिली जाते.

तो कॉलम कसा भरतो ते बघा. विंडोजमध्ये प्रत्येक घटनेला क्रमांक असतो. ४६२४ म्हणजे लॉगिन झालं, ४६२५ म्हणजे फसलं. ४७७९ म्हणजे रिमोट सेशन तुटलं, ४७७८ म्हणजे परत जोडलं. ऑडिट सुरू ठेवलं असेल तर ४८०० म्हणजे स्क्रीन लॉक झाली, ४८०१ म्हणजे उघडली. हे क्रमांक सुरक्षेसाठी आहेत आणि कामाचे आहेत. रात्री तीन वाजता एकाच खात्यावर दोनशे वेळा ४६२५ आला तर कुणीतरी दार खटखटवतंय, हे त्यातूनच कळतं. आता हेच क्रमांक डोंबिवलीतल्या एका वन बीएचकेवर ठेवून बघा. वीज गेली, राउटर बंद, ४७७९. वीज आली, ४७७८. दाराशी कुरियरवाला, ४८००. आजीची दुपारची गोळी, ४८००. बाळ उठलं, ४८००, आणि परत ४८०१ यायला चाळीस मिनिटं. सहा महिन्यांचे असे आकडे ओळीनं मांडले की घरात कुणी आजारी आहे का, मूल लहान आहे का, हाताखाली कुणी मदतीला आहे का, याचा अंदाज बांधायला डेटा सायंटिस्ट लागत नाही. यातली एकही नोंद ‘खासगी माहिती’ म्हणून गोळा झालेली नाही. प्रत्येक नोंद मशीनची आहे. सगळ्या मिळून मात्र एका बाईचा दिवस होतो. बाईचा म्हणतोय, कारण आपल्याकडं कुकरची शिट्टी झाल्यावर कोण उठतं हे सगळ्यांना माहीत आहे.

यातला विनोद असा की जागेवरून उठताना स्क्रीन लॉक करा, हे सुरक्षेचं ट्रेनिंगच शिकवतं. म्हणजे नियम पाळणाऱ्याच्या खात्यावर जास्त ४८००. लॉक-अनलॉकवरून कामाचे तास मोजणाऱ्या हिशोबात, स्क्रीन उघडी टाकून चहाला जाणारा गडी जास्त कष्टाळू ठरतो.

असा हिशोब मी एका कंपनीत एक्सेलमध्ये पाहिलाय. ‘प्रॉडक्टिव्ह अवर्स’ असा कॉलम, पुढं लाल-पिवळा-हिरवा. टीममधली सगळ्यात अवघड बग शोधून काढणारी मुलगी त्यात लाल होती. ती आधी वहीत आकृत्या काढते, मग कीबोर्डला हात लावते. वहीला इव्हेंट नंबर नसतो.

हे झालं एका मशीनचं. खरी मजा पुढं आहे. प्रत्येक मशीनवरचा छोटा प्रोग्राम या नोंदी उचलून एका मध्यवर्ती सर्व्हरला पाठवतो. कल्पना चांगलीच आहे, कारण हल्लेखोर मशीनमध्ये घुसला तर तिथला लॉग आधी पुसतो. प्रत दुसरीकडे असली की त्याची पंचाईत होते. पण या प्रती कशा प्रवास करतात? या कामाचा पूर्वज म्हणजे सिसलॉग, १९८० च्या दशकात एरिक ऑलमननं सेंडमेलसोबत बनवलेला. त्याची जुनी पद्धत ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर साध्या मजकुराचं पॅकेट सोडून देणं. ना एन्क्रिप्शन, ना पाठवणारा कोण याची खात्री, ना पोहोचल्याची पावती. टीएलएसमधून सिसलॉग पाठवायचं मानक २००९ मध्ये आलं. तरी कितीतरी फायरवॉल आणि राउटरांची मूळ सेटिंग अजून ५१४ च असते आणि ‘आतलंच तर नेटवर्क आहे’ म्हणून ती कुणी बदलत नाही. तुमच्या कामाचं पाकीट लाखेचं सील लावून जातं. त्या पाकिटाबद्दलची चुगली पोस्टकार्डावर जाते.

मोठ्या कंपन्यांत तरी असं नसेल, असं वाटत असेल तर मे २०१८ आठवा. ट्विटरनं आपल्या सगळ्या, म्हणजे ३३ कोटींहून अधिक, वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं. पासवर्ड व्यवस्थित हॅश करून साठवले जात होते, पण हॅश होण्याआधी ते एका आतल्या लॉगमध्ये जसेच्या तसे लिहिले जात होते. मार्च २०१९ मध्ये फेसबुकनं तसंच कबूल केलं, तिथंही कोट्यवधी पासवर्ड वाचता येतील अशा रूपात आत पडून होते. डिसेंबर २०२१ मध्ये तर कडी झाली. लॉगफोरजे ही जावातली लॉग लिहायची लायब्ररी. एक विशिष्ट मजकूर तिच्याकडून लॉगमध्ये लिहवून घेतला की परक्याला सर्व्हरवर आपला कोड चालवता येत होता. नोंद करणं हेच भोक होतं. त्या आठवड्यात झोप उडालेले लोक मी ओळखतो, आणि त्यातल्या कुणाचंही एन्क्रिप्शन कच्चं नव्हतं.

आता समोरच्यांचं ऐकू.

पहिलं वाक्य नेहमी हेच: लॅपटॉप कंपनीचा, डेटा कंपनीचा, मग तुझं काय जातंय? ऑफिसची खुर्चीही कंपनीची असते. म्हणून तिच्यात बसणाऱ्याच्या पाठीचा एक्स-रे कंपनीचा होत नाही. आणि घरातून काम करताना खोली माझी, वीज माझी, ब्रॉडबँड माझं, राउटरचा इन्व्हर्टर माझा. मालकीच्याच भाषेत बोलायचं तर हिशोब बराच माझ्या बाजूनं झुकतो. पण मला त्या भाषेत बोलायचंच नाही. तुमचा कोड, तुमच्या ग्राहकांची माहिती, तुमचे सर्व्हर, यांच्या नोंदी ठेवा. माझ्या बोटांची लय त्यात कशी आली, एवढंच विचारतोय.

दुसरं वाक्य जास्त वजनदार आहे: सरकारी नियम आहे. आहे खरा. सर्ट-इननं २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची, सगळ्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची, आणि सगळ्या संगणक यंत्रणांचे लॉग १८० दिवस सांभाळायचे. (किल्ली १८० सेकंद, लॉग १८० दिवस. योगायोग आहे, पण बोलका.) त्याच निर्देशांत व्हीपीएन विकणाऱ्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएननं भारतातले सर्व्हर काढून घेतले. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला ती पाच वर्षांची अट नाही, हे सर्ट-इननंच प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलंय. त्याच प्रश्नोत्तरांत कुठले लॉग अपेक्षित आहेत याची उदाहरणं आहेत: फायरवॉल, प्रॉक्सी, मेल सर्व्हर, डेटाबेस, एसएसएच, व्हीपीएन वगैरे. दर पाच मिनिटांनी कर्मचाऱ्याच्या पडद्याचा फोटो काढा, असं त्यात कुठंही नाही. की मोजा असंही नाही. ‘कंप्लायन्ससाठी करावं लागतं’ असं एचआर म्हणाली तर कुठल्या कलमासाठी, असं विचारायला हरकत नसावी.

मग लॉगच नकोत का? हवेत, आणि ते का हवेत याचं उदाहरण आपल्या दारातलं आहे. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या मोठ्या भागाची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. त्या दिवशीच्या चर्चेत कळवा आणि पडघा ही आपल्या जिल्ह्यातली दोन नावं घरोघरी पोहोचली, कारण कोलमडलेल्या पारेषण यंत्रणेचे धागे तिथं होते. पुढं २०२१ च्या फेब्रुवारी अखेरीस रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल आला. भारतीय वीजयंत्रणेच्या मागं चीनशी संबंधित हॅकर लागल्याचं त्यात होतं. १ मार्च २०२१ रोजी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या अहवालाचा हवाला देऊन सांगितलं की पारेषण कंपनीच्या सर्व्हरमध्ये १४ ट्रोजन घुसवले गेले असावेत आणि ८ जीबी हिशोबाबाहेरचा डेटा आला-गेला असावा. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले, वीज मानवी चुकीमुळं गेली, सायबर हल्ल्याचा पुरावा नाही. एक मंत्री ‘असावं’ म्हणतो, दुसरा ‘नाही’ म्हणतो, आणि ज्यांच्या घरातली वीज गेली त्यांना आजही आपापल्या पक्षाप्रमाणं उत्तर निवडावं लागतं. अशा वेळी कुठल्या पत्त्यावरून कुणी लॉगिन केलं, किती डेटा बाहेर गेला, कुठली फाइल कधी बदलली, याच्या चोख नोंदी हव्यात. त्यांच्यासाठी मी रस्त्यावर यायला तयार आहे. पण त्या प्रकरणात कुणाला अमुक इंजिनिअर दुपारी दोन ते सव्वादोन कीबोर्डवर होता का, याची गरज पडली असती असं वाटत नाही. दोन्ही गोष्टींना एकच शब्द, ‘लॉग’, वापरला जातो आणि पहिल्याची प्रतिष्ठा दुसऱ्याला आयती मिळते.

कायदा आपल्याला वाचवेल का? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. या कायद्याचं सातवं कलम वाचा, निदान त्यातलं शेवटचं उपकलम. नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याचा डेटा त्याच्या संमतीशिवाय वापरता येईल. उदाहरणं दिली आहेत हेरगिरी रोखणं, व्यापारी गुपितं सांभाळणं अशी, पण ‘नोकरीच्या कारणासाठी’ हा शब्दप्रयोग इतका ऐसपैस आहे की त्यात लाल-पिवळा-हिरवाही मावेल. नियमांत लॉग निदान एक वर्ष ठेवायला सांगितलंय. लॉगमधून काय वगळावं, याबद्दल काही नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि सहा वर्षांनी आलेल्या कायद्यानं ऑफिसच्या दारात चप्पल काढावी तसा तो काढून ठेवायला सांगितला.

‘क्लायंटची अट असते, आम्ही काय करणार’ हे तिसरं वाक्य. क्लायंट युरोपातला असेल तर हे विशेष चविष्ट लागतं. ५ सप्टेंबर २०१७ रोजी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं बरबुलेस्कू खटल्यात सांगितलं की कर्मचाऱ्याचे मेसेज तपासायचे तर त्याला आधी स्पष्ट कल्पना हवी, कारण हवं, आणि कमी घुसखोरीचा मार्ग होता का हे बघायला हवं. डिसेंबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या डेटा प्राधिकरणानं एका रिअल इस्टेट कंपनीला ४० हजार युरोंचा दंड केला. गुन्हा काय? घरून काम करणाऱ्यांच्या संगणकांवरचं सॉफ्टवेअर, तीन ते पंधरा मिनिटं कीबोर्ड-माउस हलला नाही की ‘निष्क्रिय’ अशी नोंद करायचं आणि पडद्याचे फोटो घ्यायचं. प्राधिकरणाचं म्हणणं, मीटिंग किंवा फोन हेही कामच असतं, आणि या मोजणीतून कामाचे तास कळतच नाहीत. म्हणजे पॅरिसमध्ये जे केल्यावर दंड होतो, ते त्याच प्रोजेक्टवरच्या कल्याणच्या मुलाबाबत ‘क्लायंटची अट’ म्हणून खपतं. कोड एकाच रेपॉझिटरीत जातो. माणसं दोन प्रतींची.

बरं, एवढं करून हाती काय लागतं? २०२४ मध्ये वेल्स फार्गो या अमेरिकी बँकेनं डझनभराहून अधिक लोकांना काढलं, कीबोर्ड चालू असल्याचा आभास निर्माण केल्याच्या आरोपावरून. माउस आपोआप हलवणारी यंत्रं ऑनलाइन सहज मिळतात. तुम्ही माउसची हालचाल मोजलीत, तर लोक तुम्हाला माउसची हालचाल देतील. फसवणाऱ्यांची मी बाजू घेत नाही, पण ज्या मोजमापाला यंत्रानं हलणारा माउस पुरतो ते कामाचं मोजमाप नव्हे. दुसरीकडं, मायक्रोसॉफ्टनं २०२० च्या शेवटी आपल्या ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’मधून माणसांची नावं काढून टाकली, ओरड झाल्यावर आठवडाभरात. आकडे राहिले, संस्थेच्या पातळीवर. नाव गाळलं तरी सॉफ्टवेअर कोसळत नाही, हे यातून दिसलं.

मग मागायचं काय? पॅकेटला जे देता तेच. वायरगार्डच्या शीर्षासारखा लॉग: पोहोचवायला लागतं तेवढंच उघडं. लॉगिन, परवानग्या, फाइलींची ने-आण, नेटवर्कची कनेक्शनं, हे ठेवा. की, पडदा, निष्क्रिय मिनिटं हे गोळाच करू नका, कारण जे गोळाच केलं नाही ते फुटत नाही, आणि हे तुम्ही ग्राहकांच्या डेटाबद्दल रोज म्हणता. लॉग ५१४ वरून हलवा. नोंदींत नावाऐवजी खूण ठेवा. खूण आणि नाव जुळवणारी यादी वेगळ्या कुलपात असू द्या, आणि ते उघडायला सुरक्षा विभागाची लेखी तक्रार लागू द्या, मॅनेजरची शंका पुरू नये. मुदत संपली की पुसा, आणि पुसल्याची नोंद दाखवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लॉग कुणी उघडला याचा लॉग ठेवा आणि तो ज्याचा आहे त्याला दिसू द्या. माझ्या ४८०० कुणी, कधी, कशासाठी बघितल्या हे मला कळलं तर निम्मी एक्सेलशीट आपोआप बंद होतील. यातलं काहीही शोधून काढायचं नाहीये. बँकेच्या डेटाबेसवर हे सगळं आजही केलं जातं, आमच्यासारखेच लोक करतात.

आमच्यासारखेच म्हणताना थोडं अवघडतं, कारण हे एजंट बसवणारे, डॅशबोर्ड रंगवणारे, थ्रेशोल्ड पाच मिनिटं ठेवू की तीन, असं मीटिंगमध्ये विचारणारेही डोंबिवली फास्टमध्येच लटकत आलेले असतात. ‘फक्त तिकीट होतं, मी क्लोज केलं’ असं ते म्हणतात. पॅकेटच्या बाबतीत असं म्हणणाऱ्याला आम्ही हसतो. कुणी आज पासवर्ड साध्या मजकुरात साठवून ‘तिकीट होतं’ म्हणाला तर कोड रिव्ह्यूमध्ये त्याचं काय होईल? रिव्ह्यू तिथं असतो, तसाच इथंही घालता येतो. नवा कॉलम लॉगमध्ये घालणाऱ्या पुल रिक्वेस्टवर ‘हा कशासाठी?’ अशी एक कमेंट टाकायला कुठल्याही कायद्याची वाट बघावी लागत नाही.

आणि जे तिकिटं क्लोज करत नाहीत, ज्यांचे फक्त लॉग निघतात, त्यांनी मे २०२७ पर्यंत थांबू नये. माझ्या मशीनवरून काय गोळा होतं, किती दिवस राहतं, कोण बघू शकतं, आणि अप्रेझलमध्ये त्यातलं काही वापरलं जातं का, असे चार प्रश्न एका मेलमध्ये मावतात. एकट्यानं पाठवू नका, टीममधले सहा-सात जण मिळून पाठवा. मेल कंपनीच्याच सर्व्हरवरून जाईल, त्यामुळं त्याचीही नोंद होईलच. होऊ दे. तारीख आणि वेळेसकट, थेट राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाप्रमाणं.